धोंड कोण लोटील? (पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, आधीचा एक प्रश्न)

नगरची_अबोली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्रच असते. आज लिहिते आहे कारण घरात हे कोणापुढे बोलता येत नाही.

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट मराठी मंडळीतलं. लग्न होऊन सासष्टीत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. सासर कॅथलिक. तोंडात कोंकणी, डोक्यात मराठी, असा माझा संसार. गेल्या ऑगस्टमध्ये माझे यजमान गेले. वय ४९. स्वादुपिंडाचा कर्करोग, निदान झाल्यापासून चार महिने. ते तारवटी (बोटीवर नोकरी करणारे) होते, बोटीवर स्वयंपाकी. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर. शेवटचे चार महिने तेवढे सलग घरी मिळाले. गेले त्या आठवड्यात गावात कणसांचं फेस्त (नव्या भाताचा सण) होतं. शेजारणीने आशीर्वाद दिलेली भाताची लोंबी आणून दिली, ती अजून अल्ताराच्या (घरातल्या वेदीच्या) खुरसाला, म्हणजे क्रुसाला, बांधलेली आहे.

फेब्रुवारीत कागदपत्रांसाठी इगर्जेच्या (चर्चच्या) कचेरीत गेले तेव्हा बोलता बोलता कळलं की त्यांची कबर कायमची नाही. जागा कमी, गाव मोठा. काही वर्षांनी ती उघडतील, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतील, आणि तिथे दुसऱ्या कोणाला पुरतील. गोव्यात बहुतेक ठिकाणी असंच असतं म्हणे. मला ठाऊकच नव्हतं. माझ्या आजोबांची कबर नगरला कडुलिंबाखाली आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून जिथल्या तिथे.

यंदा पास्क ५ एप्रिलला. शनिवारच्या रात्री सगळे हातात मेणबत्ती घेऊन म्हणतील, देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. मी काय म्हणू? कुठला देह? मार्कच्या शुभवर्तमानात त्या बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, कबरेच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटील? मी त्या प्रश्नापाशीच थांबले आहे. पुढचं वाचवत नाही.

कृपया प्रवचन नको. तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर तुम्हाला काय धरून ठेवता आलं, ते सांगा.

कुडाळचा_पाऊस

वाचलं. काय लिहावं कळत नाही. प्रतिसाद वाचत राहीन.

राशोलचा_पायरीवाला

अबोलीताई, मी सेमिनारीत शिकतो, अजून पाद्री झालेलो नाही. तुमचा प्रश्न 'कुठला देह' हा करिंथच्या लोकांनीही विचारला होता. पौलाने त्यांना पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात उत्तर दिलं आहे. तू पेरतोस तो उद्या उगवणारा देह नसतो, नुसता दाणा असतो, आणि देव त्याला त्याचा देह देतो. तुमच्या घरी लोंबी आहे म्हणून हे चटकन आठवलं. खाजन (खाऱ्या जमिनीतल्या) शेतात कोरगुट भात पेरताना बी आधी भिजवून मोड आणून मग टाकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. दाणा मोडतो तेव्हाच कोंब येतो.

आणखी एक. चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली. देह उठायला हाडं एका जागी शाबूत असावी लागत असती तर ती देता आली नसती.

झुआरीकाठ

पायरीवाल्या बाबा, तू बरोबर लिहिलंस, पण तिने प्रवचन नको म्हटलंय ना? 🙂

अबोली, मी नर्स आहे. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, ड्युटीवर होते. ते पहाटेचे तास मी कोणालाच नीट सांगू शकलेले नाही. प्राणवायूचा दाब उतरायचा आणि आम्ही बेडमागून बेडकडे धावायचो. त्याच्या आदल्या वर्षीचा पास्क, १२ एप्रिल २०२०, इगर्ज बंद होती म्हणून मोबाइलवर मीस (चर्चमधली प्रार्थना) पाहून केला होता. तेव्हा वाटलं होतं, यापेक्षा उदास पास्क असू शकत नाही. मग २०२१ आला.

तुला खरं सांगते, त्यानंतर दोन वर्षं मी पास्काच्या रात्री गेले नाही. गुड फ्रायडेला मात्र जायचे. घंटा बंद, त्यांच्याऐवजी मात्राकाचा तो लाकडी खडखडाट, खुरसावरून उतरवलेला मेलेला सायब (येशूची मूर्ती) खांद्यावर, मागे काळ्या कपड्यात सायबीण (मरियेची मूर्ती). ते माझं होतं, मला कळत होतं. रविवारचं माझं नव्हतं. आता वाटतं, त्या दोन वर्षांत मी काही विश्वास सोडला नव्हता, मी शनिवारी होते. तोही त्या तीन दिवसांतलाच एक दिवस आहे. शिष्य त्या दिवसांत दार लावून बसले होते आणि देवाने त्यांना त्याबद्दल बोल लावलेला नाही.

तर शनिवारी रात्री तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही तरी तू बाहेरची होत नाहीस. एवढंच.

फोंड्याचा_मास्तर

मी हिंदू. शेजारधर्माने दोन शब्द लिहू का? आमच्या वाड्यावर कॅथलिक घरं तीनच आहेत, पण त्यांच्यातला मृत्यू वाड्यावरचाच असतो.

माझा प्रश्न प्रामाणिक आहे, वादाचा नाही. आम्ही जीर्ण वस्त्र टाकून नवं घेणाऱ्या आत्म्याची गोष्ट ऐकत वाढलो. त्या हिशेबात हाडांचं काय होतं याला फारसं महत्त्व नाही, राख नदीत सोडतो. मग ख्रिस्ती माणसाला देहच का हवा? आत्मा अमर आहे एवढं पुरत नाही का? पुनरुत्थान आणि पुनर्जन्म यांत नेमका फरक काय?

रच्याकने, यंदा २ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती, आणि ५ ला तुमचा पास्क. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार हा नियम ३२५ सालच्या निकेयाच्या परिषदेपासूनचा आहे असं वाचलं होतं. चंद्र दोघांचा एकच, याची मला दर वर्षी मौज वाटते.

वसईची_वाट

मास्तर, फार चांगला प्रश्न. मला सुचेल तसं लिहिते.

पुनर्जन्मात तोच आत्मा दुसरा होऊन येतो. आमच्याकडे तोच माणूस तोच म्हणून उठतो. मला माझी आई हवी असेल तर तिचा निराकार अंश नको, तिचा आवाज हवा, कोयतीने चिरलेला तिचा अंगठा हवा. योहानाने लिहिलंय ते बघा. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच आहेत. देवाला ते पुसता आले नसते का? पण तो थोमाला म्हणतो, बोट घाल. म्हणजे जे सोसलं ते वाया गेलं नाही, ते त्याच्या देहात राहिलं. पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवर धुपाचे पाच मणी खोचतात ते याच पाच जखमांचे. उजेडसुद्धा जखमेसकट पेटवायचा.

आणि हे येशूने कबरेतून उठवलेल्या लाझारसारखंही नाही. लाझार परत आला आणि पुढे पुन्हा मेला. येशू परत आला नाही, तो मरणाच्या पलीकडे गेला. म्हणून कबरेजवळच्या बागेत मरिया मग्दालियाला तो आधी माळी वाटला. ओळख पटली ती चेहऱ्याने नाही, त्याने तिला नावाने हाक मारली तेव्हा.

अबोली, फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत गेले तेव्हा वसईत आम्ही सगळे रडलो. ज्या माणसाने आम्हाला सोप्या मराठीत नवा करार दिला, पुनरुत्थान वाचायला शिकवलं, त्याच्या शवपेटीपुढे रडलो. कोणाला त्यात विसंगती वाटली नाही. लाझारच्या कबरेपाशी येशूही रडला, आणि पाच मिनिटांनी आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं.

प्रश्नचिन्ह_०८

माझा प्रतिसाद इथे बसेल की नाही माहीत नाही, नको असेल तर उडवा. मी मडगावच्या ख्रिस्ती घरातला, पण मानत नाही. माझी धाकटी बहीण अपघातात गेली. त्या वेळी मला प्रत्येक जण सांगत होता, ती देवाघरी आहे, रडू नको. मला ते सांत्वन नव्हतं, तोंड दाबणं होतं. आशेच्या नावाखाली लोक दुःखाला घाई करतात. ताई, तुमच्यावर कोणी घाई करत असेल तर ऐकू नका.

वसईच्या वाटेने लिहिलं त्यातलं शेवटचं वाक्य मात्र मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वसईची_वाट

प्रश्नचिन्ह, उडवायचं कशाला? तुमच्या म्हणण्याला माझं पूर्ण अनुमोदन. मार्कचं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांतलं शुभवर्तमान कुठे थांबतं माहीत आहे? बायका कबरेपासून पळाल्या आणि भीतीने कोणाला काही बोलल्या नाहीत, तिथे. आनंदाने नाचल्या असं नाही. तुमच्या बहिणीसाठी आज रात्री एक दिवा लावते, चालेल ना?

प्रश्नचिन्ह_०८

चालेल. धन्यवाद.

चांदरचा_थोरला

अबोली, तू विचारलंस ते मी केलंय, म्हणून लिहितो. माझ्या आईची कबर उघडली तेव्हा मी तिथे होतो.

आदल्या रात्री झोप नव्हती. भावंडांनी सांगितलं, जाऊ नको, खणणारा माणूस सगळं नीट करतो. पण मी गेलो. सकाळी सातची वेळ. तो आमच्याच गावातला, साठी उलटलेला. आधी टोपी काढून त्याने खुरीस केला, मग कुदळ हातात घेतली. अर्ध्या तासाने कुदळ टाकून हाताने माती काढायला लागला. मी विचारलं, का? म्हणाला, आतां तुजी आवय आयली. आता तुझी आई आली. पुढे लोखंड चालत नाही.

तो एकेक हाड वर द्यायचा, मी घ्यायचो. मला वाटलं होतं किळस येईल, भीती वाटेल. तसं काही झालं नाही. लहानपणी तिने मला न्हाऊमाखू घातलं होतं, तसं काहीतरी मी करतोय असं वाटत राहिलं. तिच्या तेर्साचे (जपमाळेचे) मणी सापडले, दोरा कुजलेला, मणी धड. खुरीस हिरवा पडलेला. मांडीचं हाड हातात आलं तेव्हा मला तिची चाल आठवली, डाव्या पायावर जरा रेलून चालायची. पांढऱ्या कापडात सगळं बांधलं, विगाराने (गावच्या पाद्रीने) प्रार्थना केली, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. माझ्या आजीची हाडं आधीच तिथे होती. सासू-सुनेचं आयुष्यभर पटलं नव्हतं. आता शेजारी आहेत.

त्या दिवसापर्यंत 'देहाचं पुनरुत्थान' हे मी पाठ म्हणायचो. त्या दिवसानंतर ते शब्द मला वजनाने माहीत आहेत. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला देव सुक्या हाडांच्या दरीत फिरवतो आणि विचारतो, ही हाडं जगतील का? तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. म्हणतो, प्रभू, ते तूच जाणतोस. मला तेवढंच म्हणता येतं, आणि तेवढ्यावर माझं चाललंय.

कुडाळचा_पाऊस

थोरले, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं. कबरेचं लोखंड थांबवणाऱ्या त्या माणसाला माझा नमस्कार.

नगरची_अबोली

सगळ्यांचे आभार. थोरले, तुमचं लिहिणं मांयना, म्हणजे सासूबाईंना, कोंकणीत वाचून दाखवलं. त्यांना कमी ऐकू येतं, दोनदा वाचावं लागलं. काही बोलल्या नाहीत, फक्त 'देव बरें करूं' (देव भलं करो) म्हणाल्या आणि आत गेल्या.

झुआरीकाठ, 'मी शनिवारी होते' हे वाक्य मी घेतलं आहे.

बोटीवरचा_बेंदा

मी पण तारवटी, तीस वर्षं केली, आता निवृत्त. ताईंचे यजमान आमच्या जातकुळीचे म्हणून लिहितो. बोटीवर आमच्यातला एक जण गेला तेव्हा त्याला घरी आणता आलं होतं. पण पूर्वीच्या काळी किती गोंयकार समुद्रातच सोडले गेले असतील. त्यांना ना कबर ना कोनाडा. बोटीवर एका जुन्या बोसमनने (खलाशांच्या मुकादमाने) मला सांगितलं होतं, बायबलातल्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात लिहिलंय की समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिले. भर अटलांटिकमध्ये रात्री डेकवर उभं राहून ते आठवायचं. समुद्र परत देणार असेल तर सासष्टीची माती का अडवून धरेल?

जुन्या_वाटा

जरा अवांतर. पणजीला फोंतायन्यातल्या सांत सेबास्तियांवच्या कोपेलात (छोट्या चर्चमध्ये) एक खुरीस आहे. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत, मान वर आहे. बाकी बहुतेक ठिकाणी मान खाली, डोळे मिटलेले. मी दुःखात असले की तिथे जाऊन बसते. मरणाकडे उघड्या डोळ्यांनी बघणारा देव मला जवळचा वाटतो.

फोंड्याचा_मास्तर

जुन्या वाटा, तो खुरीस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या (चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यात होता असं सांगतात. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्यावर ते डोळे रोखलेले असायचे. १५६० ते १८१२ एवढा मोठा काळ. त्याच १५६० साली आमचा मंगेश कुशस्थळी सोडून झुआरीपलीकडे प्रियोळला आला. इथे हे काढावं की नाही असा विचार केला. पण त्या डोळ्यांत सगळ्यांना सांत्वन दिसत नाही, हे नोंदवावंसं वाटलं. गैरसमज नसावा.

जुन्या_वाटा

गैरसमज नाही मास्तर. मला हे माहीत आहे आणि ते लपवून मला तिथे बसताच येणार नाही. उलट मला वाटतं, त्या मूर्तीसमोर ज्यांना भीतीने उभं केलं गेलं, त्यांच्यासाठीच ते डोळे उघडे आहेत. ज्याला स्वतः न्यायालयात उभं करून मारलं, त्याच्या नावाने हे व्हावं याची लाज आम्हालाच वाटायला हवी. पुनरुत्थान म्हणजे मारणाऱ्यांचा निकाल देवाने फिरवला, असं मी समजते. तो फक्त येशूपुरता फिरवला असेल तर मला त्यात फारसं काही मिळत नाही.

फोंड्याचा_मास्तर

हे ऐकून बरं वाटलं. माझ्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तरही यातच मिळालं.

राशोलचा_पायरीवाला

मी पुन्हा आलो, या वेळी प्रवचन नाही. दोन छोट्या गोष्टी.

इथे राशोललाच १६१६ साली फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, ओवीबद्ध, मराठीत. चारशे वर्षांपूर्वी या मातीत ही गोष्ट आपल्या भाषेत गायली जात होती. अबोलीताई, डोक्यात मराठी आणि तोंडात कोंकणी असं तुम्ही लिहिलंत, तर त्या डोक्यातल्या मराठीतच प्रार्थना करा. इथल्या देवाला ती नवी नाही.

दुसरी. मागच्या वर्षी मी दोत्रीनच्या (धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या) मुलांना रिकाम्या कबरेचा पाठ शिकवत होतो. योहान सांगतो की डोक्याचा रुमाल वेगळा, नीट गुंडाळून ठेवलेला होता. मी विचारलं, का बरं? सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "तो गडबडीत पळून गेला नाही, उठल्यावर अंथरूण आवरून गेला. त्याच्या मांयने शिकवलं असेल." मोठमोठ्या भाष्यांत मी याहून चांगलं वाचलेलं नाही.

झुआरीकाठ

😊 माझ्या पोराला दाखवते हे!

अबोली, शनिवारी मी तुमच्याच बाजूला येतेय, माझी बहीण तिकडे दिली आहे. तू आलीस तर शेजारी उभी राहीन. नाही आलीस तर रविवारी सकाळी सान्नां (तांदळाच्या इडल्या) घेऊन घरी येईन. कळवायची गरज नाही.

नगरची_अबोली (६ एप्रिल)

मंडळी, गेले होते.

मी जाणार नव्हते. मांय नऊ वाजता साडी नेसून ओट्यावर येऊन बसल्या, काही न बोलता. म्हणून निघाले. बाहेर शेकोटी पेटवली होती, आत सगळा काळोख. मोठी मेणबत्ती आत नेताना पाद्री तीनदा थांबून गातो, आणि मग माणसामागून माणूस आपली वात शेजाऱ्याच्या ज्योतीवर धरतो. माझी झुआरीकाठने पेटवली. वाऱ्याने दोनदा विझली, दोनदा तिने पेटवली. मेण हातावर ओघळलं, त्याचा डाग अजून आहे.

ग्लोरियाच्या गाण्याला घंटा सुरू झाल्या तेव्हा मी रडले. तीन दिवसांनी वाजणाऱ्या घंटा मी एकोणीस वर्षं ऐकते आहे, पण तीन दिवस म्हणजे किती वेळ हे यंदा कळलं.

नंतर बाप्तिस्म्याची वचनं. तिसऱ्या प्रश्नात देहाचं पुनरुत्थान येतं. सगळे म्हणाले, सतमानतां, म्हणजे माझा विश्वास आहे. मी गप्प राहिले. मांयना प्रश्न उशिरा ऐकू आला. सगळे थांबल्यावर, पूर्ण शांततेत, त्यांचा एकटीचा आवाज आला, मोठ्याने, सतमानतां. लोकांनी वळून पाहिलं. पोटचा मुलगा पुरलेली बाई ती. तिच्या आवाजामागोमाग मी पण म्हटलं, हळू, मराठीत.

काल सकाळी आम्ही दोघी कबरेवर गेलो. मी त्यांना सांगितलं की काही वर्षांनी ही उघडतील. त्यांना अर्थातच माहीत होतं, त्यांचे सासू-सासरे, यजमान सगळे त्याच भिंतीत आहेत. मी विचारलं, तुम्हाला काही वाटत नाही? कबरेवरची पानं वेचत म्हणाल्या, "तो हांगा ना गो." तो इथे नाही गं. घरी येऊन मी मार्क पुढे वाचला. धोंड लोटलेली होती, ती फार मोठी होती, आणि आत बसलेल्या तरुणाने त्या बायकांना हेच सांगितलं होतं. मांयना अक्षरओळख नाही.

मला बरं वाटतंय असं नाही म्हणत. रात्री घर तेवढंच रिकामं असतं. पण कबर उघडतील त्या दिवशी मी तिथे असणार, हे ठरलं. थोरले, तेव्हा तुम्हाला विचारलं तर याल का?

चांदरचा_थोरला

येईन. आदल्या दिवशी फोन कर, सातच्या आत पोचतो. पांढरं कापड घरातलं आण, चार वेळा धुतलेलं. नवं आणू नको, त्याला खळ असते, गाठ सुटते.